बॅटरीचं पाणी

माझे मामा बंडोपंत हिंगोलीच्या तहसील कचेरीत कारकून होते. त्या काळी हिंगोलीत फटफटी होती ती दोन-तीन बड्या लोकांकडे, आणि कारकुनांत एकट्या मामांकडे. तहसीलदारसाहेब टांग्यातून येतात आणि त्यांचा कारकून धूर सोडत येतो, यावरून कचेरीत त्यांची भरपूर मस्करी चाले. मामा मान हलवून ऐकून घेत. फटफटी मिरवायला घेतलेली नाही, देवासाठी घेतली आहे, असं ते सांगायचे. आता देवासाठी कुणी फटफटी घेतं का? पण मामा खोटं बोलत नसत, अशी त्यांची गावात ख्याती होती, आणि निदान या बाबतीत तरी ती खरी होती.

आमचं आजोळ औंढ्याचं. तिथल्या देवळात सोमवारची पहाटेची पूजा आजोबांच्या घराकडे होती. आजोबांचे हात कापायला लागले, भरलेली कळशी उचलेना, तेव्हा ती पूजा मामांकडे आली. काकड्याच्या वेळेला घरचा मुलगा हजर नसला तर चुलत घरानं पूजा करायची, असा घराण्याचा ठराव होता. आणि चुलत घर तयारच बसलेलं असायचं, पाट मांडून. मामांची नोकरी हिंगोलीत, औंढं आठ कोसांवर. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. रविवारी दिवे लागेपर्यंत कचेरी आणि सोमवारी दहाला पुन्हा कचेरी. मामांनी काही महिने बैलगाडीतून रात्र काढून हे जमवलं. सोमवारी दुपारी ते फायलीवर डोकं ठेवून झोपलेले सापडायचे.

अशात छत्तीस साली कापसाच्या प्रेसवरचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला. त्याची फटफटी त्याला बोटीवर न्यायची नव्हती आणि दुसरं कुणी ती घेईना, कारण तिचा डायनॅमो जळालेला होता. डायनॅमो म्हणजे गाडी चालता चालता बॅटरी भरणारं यंत्र. इंजिनाला बॅटरी लागायची नाही, ते आपल्या ठिणगीवर चालायचं. पण पुढचा दिवा होता बॅटरीवर. डायनॅमो नाही म्हणजे बॅटरी गाडीवरून उतरवून दुसरीकडे नेऊन भरून आणायची. मातीमोल किमतीत मामांनी ती गाडी घेतली. अनुसूयामामी दारात उभी राहून म्हणाली, "सून घरात आणतात तसं माप ओलांडून आणू का हिला?"

मामांनी खरंच तिला कुंकू लावलं.

तिची बडदास्त पाहून मामीला हेवा वाटावा अशीच गत होती. शुक्रवारची सकाळ फटफटीची. साखळी रॉकेलनं धुवायची, मग तेल. प्लग काढून राखुंडीनं घासायचा. बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावायचं असतं, पण ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते असं मामांनी कुठं तरी ऐकलं होतं. म्हणून ते साजूक तूप लावत. मुंग्यांची रांग ओट्यापासून निघून थेट बॅटरीवर जायची. मामी म्हणायची, "लेकरांच्या भातावर नाही एवढं तूप आणि त्या डबड्यावर बघा!" मामा मुंग्या फुंकून टाकत आणि पुन्हा तूप लावत. हसायचं तर हसा, पण या तुपामागच्या सोवळ्यातच पुढची सगळी गोष्ट आहे.

बॅटरी भरायची सोय हिंगोलीत एकाच ठिकाणी होती, पुनमचंद शेठच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. बंगल्यातल्या दिव्यांसाठी शेठनं एक छोटं तेलाचं इंजिन ठेवलं होतं आणि ते चालवायला धर्मसिंग होता. धर्मसिंग कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावरचा बंजारा. जिनात सरकी वाहायला आला आणि प्रेसवरच्या त्या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली राहून इंजिनवाला झाला. उंच, बारीक, कानात बाळी. हातात कायम एक तेलकट चिंधी. तो फारसा बोलत नसे, पण इंजिनाशी मात्र आपल्या बोलीत काही तरी पुटपुटत असायचा. दर शनिवारी मामा बॅटरी फडक्यात बांधून त्याच्याकडे नेत आणि रविवारी संध्याकाळी घेऊन येत. पाण्याला बुडबुडे यायला लागले की भरली, असा त्याचा हिशेब.

दोघांची ओळख वाढली ती त्या बुडबुड्यांपाशी. रविवारी गेल्यावर बॅटरी उकळेपर्यंत मामा तिथंच पोत्यावर बसून राहत. धर्मसिंग त्यांना तांड्याच्या गोष्टी सांगे, मामा त्याला कचेरीतल्या. धर्मसिंगच्या भावाच्या बैलावरून एक दावा कचेरीत अडकला होता. मामांनी तो रीतसर मार्गी लावला आणि एक विडीदेखील घेतली नाही. धर्मसिंगला ते फार भिडलं. "पंत खोटं बोलत न्हाईत अन् खातबी न्हाईत," असं तो जिनात सगळ्यांना सांगायचा. मामांना ते ऐकून बरं वाटायचं. कोणाला वाटणार नाही?

साहेबाच्या वेळची बॅटरी जुनीच होती, ती मेली त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. हैदराबादेहून एका वकिलाबरोबर मामांनी नवी मागवली. ती जिनात आणली त्या दिवशी धर्मसिंगनं तिच्यात तेजाब भरलं, पहिली भरती केली आणि कोपऱ्यातून एक हिरव्या काचेची बाटली काढून मामांच्या पुढ्यात ठेवली. आतून बाहेरून घासून धुतलेली, नवं बूच बसवलेली.

"उन्हाळ्यात पाणी आटंल," तो म्हणाला. "विहिरीचं घालू नका. पावसाचं धरायचं, अन् या बाटलीत ठेवायचं. साहेब काचेतच ठेवायचा."

"काहून?" मामांनी विचारलं.

"काहून ते मला कोण सांगितलं? साहेब ठेवायचा, एवढं मला ठाऊक. तुमीबी ठेवा."

मामांनी बाटली घेतली. धन्यवादाचं काही बोलले, हसले आणि ती फडक्यात गुंडाळून घरी आणली. घरी आणली म्हणजे गोठ्यापर्यंत आणली. ती दारूची बाटली होती. साहेबानं रिकामी केलेली, बंजाऱ्याच्या हातची. मामांच्या घरी सोवळ्यात पूजेचं पाणी भरलं जायचं, आणि पावसाचं पाणी धरायची जागा होती ती देवघरामागच्या अंगणातच. तिथं ही बाटली कशी नेणार? मामांनी ती गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली. मामीला सांगितलं, हात लावू नकोस.

दोन-चार पाऊस होऊन गेले, हवेतली धूळ बसली, की मामा अंगणात धुतलेलं धोतर चार खुंट्यांना ताणून बांधत, मधे एक गोटा ठेवत आणि खाली तांब्याची कळशी. वर्षभराचं बॅटरीचं पाणी असं धरलं जायचं, साहेबाच्या जुन्या बॅटरीपासूनच. ती कळशी म्हणजे आजीची, पूजेची. घरातलं सगळ्यात चोख भांडं. मामी ती रोज चिंचेनं घासून अशी लखलखीत करायची, की तिच्यात तोंड दिसावं. काचेहून तांबं केव्हाही शुद्ध, हे मामांना कुणी शिकवायची गरज नव्हती. देवाला चालतं ते बॅटरीला न चालायला काय झालं?

धर्मसिंग अधूनमधून विचारायचा, "बाटली आहे न?"

"आहे की," मामा म्हणायचे. आणि बाटली होतीच. गोठ्यात.

तोंडावर कसं सांगायचं, की बाबा, तुझी बाटली माझ्या घरात चालत नाही? मामा स्वभावानं भिडस्त. त्याला वाईट वाटू नये म्हणून ते बोलले नाहीत, असं माझी आई सांगायची. आई मामांची धाकटी बहीण, भावाची बाजू घेणारच. मला ते पटत नाही. एखाद्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसायचं, आणि जे केल्यानं त्याला वाईट वाटेल ते मात्र करत राहायचं, याला भिडस्तपणा म्हणत असतील तर म्हणा.

नवी बॅटरी पहिला हिवाळा उत्तम चालली. उन्हाळ्यात पाणी आटलं, मामांनी कळशीतलं घातलं. त्या पावसाळ्यात ती जरा लवकर उतरायला लागली. पुढच्या वर्षी आणखी लवकर. रविवारी भरून आणलेली बॅटरी सोमवारी पहाटे चांगली असे, पण गुरुवारपर्यंत नुसती ठेवून ठेवून मरायची. धर्मसिंगनं एकदा बुचं काढून आत उजेड धरला.

"पंत, पत्रे तांबूस दिसून राहिले. असं काहून झालं?"

दोघं डोकं लावून त्या भोकात बघत बसले. दोघांनाही काही कळलं नाही. धर्मसिंगनं तेजाब बदललं, दोन रात्री जागून पुन्हा भरती केली आणि भरून दिली. तेवढ्यापुरती ती सुधारली.

त्याच सुमाराला शेठच्या बंगल्यात रेडिओ आला. लढाई सुरू झालेली, संध्याकाळी बातम्या ऐकायला निम्मं गाव शेठच्या ओट्यावर. रेडिओही बॅटरीवरच चालायचा. एका शनिवारी मामा बातम्या ऐकायला गेले तर रेडिओच्या टेबलाखाली एक बॅटरी दिसली. मामांच्या बॅटरीला होता तसाच तिच्या कडेला टवका उडालेला. मामा त्या वेळी काही बोलले नाहीत. पण ते टवक्याचं डोक्यात राहिलं.

आणि मग एक्केचाळीसचा श्रावण आला. श्रावणातला सोमवार. देवळाला जत्रेसारखी गर्दी, आणि आजोबांची इच्छा अशी, की या श्रावणातली एक तरी पूजा आपण समोर बसून मुलाच्या हातून बघावी. आपल्याला पुढचा श्रावण नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलंच होतं. मामांनी सांगून ठेवलं, निश्चिंत राहा. रविवारी संध्याकाळी धर्मसिंगकडून बॅटरी आणली, दिवा लावून बघितला, पांढरा लख्ख. जेवून निजले आणि पहाटे निघाले. आदल्या संध्याकाळीच निघा, असं मामी म्हणत होती. पण फटफटी असताना रात्र वाटेत कशाला काढायची, हा मामांचा दिमाख.

औंढ्याच्या अलीकडे डोंगराचा उतार लागतो. रिमझिम होती, रस्ता निसरडा. तिथं दिवा पिवळा झाला. मग तांबडा झाला. मग निखाऱ्याएवढा ठिपका राहिला आणि गेला. काळोखात मामा थोडं चालवून बघायला गेले आणि गाडीसकट चारीत पडले. गुडघा फुटला, धोतर चिखलात. गाडी उभी करून ते ढकलत निघाले. भिजलेली फटफटी ढकलणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. देवळाच्या दारात पोचले तेव्हा उजाडलं होतं आणि चुलतभाऊ ताम्हन पुसून ठेवत होता.

आजोबा सोवळं नेसून खांबाला टेकून बसले होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मामा म्हणायचे.

"आलास? लागलंय का रे? झाली पूजा," आजोबा म्हणाले. "देवाचं काही अडत नाही, बंडू." आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांनी चुलतभावाला सांगितलं, की पुढचे सोमवार आता तुम्हीच करा, याला उगाच तकलीफ होते.

सात पिढ्यांची पूजा त्या एका वाक्यात दुसऱ्या घरात गेली. चुलत घरानं पाट मांडलेलाच होता.

मामा परत आले ते घरी न जाता सरळ जिनात. चिखलाचं धोतर, फुटलेला गुडघा. शेठ गादीवर बसलेले, हमाल, तोलारी, चार गिऱ्हाइकं. मामांनी बॅटरी शेठच्या पुढ्यात आपटली.

"शेठ, माझी भरलेली बॅटरी तुमच्या रेडिओला लागते आणि रेडिओची मेलेली मला मिळते. आज माझ्या बापासमोर माझी मान खाली गेली. विचारा तुमच्या माणसाला."

धर्मसिंग चिंधीला हात पुसत आला. शेठनं विचारलं. त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग तो बॅटरीपाशी बसला, बूच काढून आत बघितलं आणि मामांकडे वर बघून विचारलं,

"पंत, पाणी मी दिलेल्या बाटलीतलंच घालता न?"

सगळे बघत होते. एवढ्या लोकांत काय सांगायचं, की तुझी बाटली गोठ्यात पडली आहे? आणि रागाच्या त्या भरात पाण्याचा काय संबंध, असंही मामांना वाटलं.

"व्हय," मामा म्हणाले. "त्यातलंच."

धर्मसिंगनं चिंधीनं बूच पुसलं. मग "बराबर" एवढं म्हणाला, बूच लावलं आणि उठला. तो स्वतःसाठी आणखी एक शब्द बोलला नाही. पुनमचंद शेठला कचेरीच्या माणसाशी वाकडं नको होतं. त्यांनी धर्मसिंगला इंजिनावरून काढून पुन्हा सरकी वाहायला लावलं. चार दिवसांनी तो तांड्यावर निघून गेला. न बोलता गेला म्हणजे चोरच, असं लोक म्हणाले, आणि मामांनाही ते पटलं. पटवून घ्यायची गरजच होती.

आजोबा माघात गेले. लढाईच्या दिवसांत बॅटरी मिळेना, आणि पहाटे जायचं कुठं होतं? फटफटी दिवसाउजेडी कचेरीला जायची, तेही पेट्रोल मिळालं तर. मामा पन्नाशीकडे झुकले. तूप लावायचं बंद झालं. जिनासमोरून जायचं आलं की ते वाट वाकडी करून जात, हे मात्र आईनं पाहिलेलं.

अठ्ठेचाळीसच्या ज्येष्ठात गावात भीतीचं वातावरण झालं. रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, रोज एखाद्या गावाची बातमी यायची. ज्याला जमेल तो बायकामुलं निजामाच्या सरहद्दीपलीकडे वाशीमला धाडत होता. मामीनंही दोन्ही लेकरं, दागिने आणि घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी पोत्यांत भरून गाडी केली. मामीचे भाऊ वाशीमला होते. मामा फटफटीवर बरोबर गेले. कनेरगावच्या नाक्यावर शिपायांनी पोती उसवून बघितली, कळशी हातात घेऊन वाजवली आणि परत टाकली.

वाशीमला लष्करानं मोडीत काढलेलं सामान बाजारात आलं होतं. तिथं मामांना एक चांगली बॅटरी मिळाली. तिथल्याच एका दुकानात ती भरून घेऊन ते एकटे हिंगोलीला परतले, कारण नोकरी होती. दिवा कशाला हवा होता? मामा म्हणायचे, पळायची वेळ आली तर रात्री पळावं लागेल.

पावसाळा सुरू झाला. बॅटरीचं पाणी बघायची जुनी सवय. थोडं कमी झालेलं दिसलं. अंगणात धोतर ताणलं आणि खाली ठेवायला घरात भांडंच नाही. होती ती एक लोखंडी कढई आणि मडकी, तीही डाळ-पिठाची. तेव्हा त्यांना गोठ्यातली बाटली आठवली. कोळिष्टकं काढून धुतली. घर रिकामं, सोवळं कुणासाठी राखायचं? धोतराचं पाणी त्यांनी सरळ त्या बाटलीत धरलं, बूच लावलं आणि त्यातलं बॅटरीत घातलं.

पेट्रोल तर मिळतच नव्हतं. फटफटी ओसरीत उभी. दर शुक्रवारी मामा दिव्याचा खटका दाबून बघत. दिवा पांढरा. पुढच्या शुक्रवारी पांढरा. श्रावण उजाडला तेव्हा त्यांनी बॅटरी शेठच्या नव्या माणसाकडे धाडून एकदा भरती करून घेतली. ती भरती उतरेचना. असली बॅटरी मामांनी जन्मात पाहिली नव्हती. लष्कराचा माल, दुसरं काय, असं ते स्वतःशी म्हणाले.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, रझाकार पांगले, महिन्याभरानं मामी लेकरांना घेऊन परतली. पोती सुटली. मामी अंगणात भांडी मांडून बसली आणि ओरडली, "अगं बाई, बघा हो कळशीचं काय झालं!"

वाशीमच्या घरात कुणी तरी त्या कळशीत पागोळीचं पाणी धरून विसरून गेलं होतं. रोज घासायला मामीचा हात नव्हता. आत पाण्याची जिथवर पातळी होती तिथवर हिरवट कडं चढलं होतं. मामीनं चिंच लावून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं आणि खालून तांबूस पत्रा निघाला.

"पाण्यानं तांबं खाल्लं," मामी म्हणाली.

मामा ओसरीतून बघत होते. मामी सांगायची, ते उतरून कळशीपाशी आले आणि आत वाकून बघत राहिले. त्यांना तो तांबूसपणा दिसत होता. सात वर्षांपूर्वी धर्मसिंगच्या शेजारी डोकं लावून भोकात बघितलेला. पाण्यानं कळशीचं तांबं खाल्लं होतं, ते पाणी त्यांनी आपल्या हातानं बॅटरीत घातलं होतं, आणि बॅटरीनं ते पत्र्यांवर चढवून घेतलं होतं. दोन बॅटऱ्या मेल्या. कळशी जितकी चोख घासलेली, तितकं तांबं जास्त. कुणी काही चोरलं नव्हतं; टवका काय, कुठल्याही बॅटरीचा उडतो.

दिवाळी झाली, पेट्रोल यायला लागलं, तसे मामा एका शुक्रवारी सकाळी निघाले. बाटली बरोबर घेतली होती, निम्मी भरलेली. तांड्यावर जाऊन काय बोलायचं ते त्यांनी वाटेत दहादा म्हणून बघितलं. धर्मसिंग शिव्या देईल, देऊ दे. मारील, मारू दे. शेठकडे नेऊन सगळ्यांसमोर सांगायचं, हेही ठरलं होतं.

तांड्यावर कुत्री अंगावर आली. एका झोपडीपुढं म्हातारासा माणूस दोर वळत बसला होता. तो किसनसिंग, धर्मसिंगचा भाऊ. ज्याच्या बैलाचा दावा मामांनी मार्गी लावला होता तोच. त्यानं मामांना ओळखलं, लगबगीनं उठला, घोंगडी झटकून टाकली.

"पंत! तुमी? बसा बसा."

"धर्मसिंग कुठं आहे?"

किसनसिंगनं दोर बाजूला ठेवला. "तो गेला की. दोन पावसाळे झाले. हिवतापानं गेला."

मामा घोंगडीवर बसले. मग त्यांनी विचारलं, इथं आल्यावर तो कुठल्या जिनात होता?

"कोणत्याच न्हाई. वाशीमचे जिनवाले दोन बारी बोलवाया आले. पगार चांगला देऊन राहिले व्हते. गेला न्हाई. ढोरं राखली त्यानं." किसनसिंगनं दोर पुन्हा मांडीवर ओढला. "आमी सगळे म्हणायचो, अरे, त्या पंतानं तुझ्यावर आळ घेतला, तू काहून इंजिन सोडतो? तर म्हणायचा, पंत खोटं बोलणारा माणूस न्हाई. त्यांनी बाटलीतलंच पाणी घातलं म्हणाले, तर घातलंच असल. मंग बॅटरी नासली ती माझ्याच हातानं. माझ्या हातातच कायतरी खोट आहे, अन् ती मला दिसून न्हाई राहिली. दुसऱ्याची वस्तू कशाला नासवू?"

मामांनी पिशवीतून बाटली काढली. किसनसिंगनं ती ओळखली. "ही त्याचीच. साहेबाच्या बंगल्यावरून आणली तवा चार दिवस घासत बसला व्हता. पंताच्या घरात जायची आहे म्हणे."

मग मामांनी सांगितलं. गोठा, कळशी, तूप, ते "व्हय", सगळं. वासरू दोर चघळायला आलं, त्याला किसनसिंगनं हातानं बाजूला केलं.

"हे त्याला सांगाया पायजे व्हतं, पंत," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मामांना कसली तरी शिक्षा हवी होती, आणि ती द्यायला तिथं कुणी नव्हतं. ऊन वर आलं होतं, मामांच्या घशाला कोरड पडली होती. किसनसिंगनं बसायला घोंगडी दिली, सावली दिली, पण पाणी विचारलं नाही. बामणाला विचारून त्याला अडचणीत कशाला टाका, असाच त्याचा विचार असणार. आणि मामांनी मागितलं नाही. मागायला पाहिजे होतं, हे त्यांना नाका ओलांडून हिंगोलीच्या रस्त्याला लागल्यावर सुचलं. मला या माणसाचा राग येतो तो इथं, आणि रडू येतं तेही इथंच.

बाटली किसनसिंगनं ठेवून घेतली. शेठकडे सगळ्यांसमोर सांगायचं ते राहूनच गेलं. फटफटी मामांनी त्याच वर्षी विकून टाकली. कळशी देवघरात परत गेली आणि मामी ती पुन्हा घासायला लागली.

पुढं कचेरीत, पंचायतीत, सोयरिकीत, कुठंही दोन माणसांचं अडलं की लोक म्हणायचे, बंडोपंतांना विचारा, ते खोटं बोलणार नाहीत. ते वाक्य कानावर पडलं की मामा चपला शोधायला लागायचे. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय.